गठाण फोडा

आमच्या घरात एका माणसाचं तेरावं तो जिवंत असताना झालं. माझ्या आजोबांचे ते धाकटे भाऊ. आम्ही पोरं त्यांना धाकले आबाजी म्हणायचो. १९४४ च्या ज्येष्ठात तेराव्याचं जेवण झालं, आणि दिवाळी सरल्यावर हा माणूस अकोल्याच्या स्टेशनावर उतरला, मोर्णा ओलांडून जुन्या शहरातल्या घरी पायी चालत आला. आजी अंगणात ज्वारी पाखडत होती. ती आधी किंचाळली. मग दम परत आल्यावर दिराला म्हणाली, "जित्ते होते तं एक कारड टाकाले काय झालं होतं? बारा पायल्या ज्वारी गेली तुमच्या तेराव्यात."

हे वाक्य आमच्या घरात पुढं पन्नास वर्षं चाललं. कोणी रात्री उशिरा घरी आलं की बारा पायल्यांचा उद्धार व्हायचा. धाकले आबाजीही हसायचे. मात्र मधल्या सात महिन्यांत ते कुठं होते, हे त्यांनी माझ्या माहितीत सगळं मिळून तीनदा सांगितलं असेल, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

ते कापसाच्या जिनवरचे हमाल. जिनचा हंगाम दिवाळी ते वैशाख. पुढं पाऊस लागेपर्यंत आणि लागल्यावरही हाताला काम नाही. वावर असलं तर पेरणी, नसलं तर उसनवारी. आमचं वावर माझ्या पणजोबांच्या काळातच सावकाराकडं गेलेलं. १९४३ साली एक मुकादम आला आणि आमच्या पेठेतल्या आठ-दहा तरण्या पोरांना मुंबईला घेऊन गेला. लढाई चालू होती, गोदीत आणि आसपासच्या वखारींत माणूस कमी पडत होता. कापसाची गाठ उचलायला वऱ्हाडी माणूस बरा, असं त्याचं म्हणणं. ते खरंही असावं. तेव्हाची खंडी ७८४ रत्तलांची आणि गाठ तिच्या निम्मी, म्हणजे ३९२ रत्तलांची. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं ते धूड आकडी लावून कसं लोळवायचं, कसं उभं करायचं, कुठं हात घालायचा नाही, हे आमच्याकडच्या पोराला मिसरूड फुटायच्या आधी येतं. धाकले आबाजी तेव्हा तेवीस वर्षांचे. मशीद बंदरच्या बाजूला एका खोलीत चौदा जण, पाळीपाळीनं झोपायचं. मुकादमाच्या वहीत यांची नावं नव्हती, फक्त माणसांचा आकडा होता. आज दहा आले, आज नऊ आले. एवढं पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

१४ एप्रिल १९४४ हा शुक्रवार होता. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. ते इंग्लंडातल्या बर्कनहेडहून फेब्रुवारीत निघालेलं. पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा: सुरुंग, पाणतीर, तोफगोळे. शिवाय लढाऊ विमानं आणि ३१ पेट्यांमधलं सोनं. कराचीला थांबलं तेव्हा त्यात कापसाच्या हजारो गाठी चढवल्या, तेलाची पिंपं चढवली. कापूस, तेल आणि दारूगोळा एकाच जहाजात. आमच्या जिनवरचा पहारेकरीसुद्धा याला नाही म्हणाला असता. पण लढाई होती, आणि लढाईत नियम ढिले होतात. दारूगोळ्याचं जहाज खरं तर बाहेरच उभं करून छोट्या गलबतांतून माल उतरवायचा, आणि त्यावर लाल बावटा लावायचा. इथं जहाज थेट धक्क्याला होतं, आणि बावटा नव्हता.

दुपारी धूर दिसला. आग कापसाला लागली होती. कशानं लागली ते नक्की ठरलं नाही. कोणाची तरी विडी-सिगारेट असावी, असं बहुतेक मानतात. बंब आले, पाणी सुरू झालं. नऊशे टनांवर पाणी जहाजात ओतलं, तरी आग कुठं आहे हेच हाती लागेना. आत पाणी उकळायला लागलं, बाहेरून पत्रा तापून रंगाला फोड आले. जहाज ओढून समुद्रात न्यावं की धक्क्यावरच बुडवावं, यावर अधिकाऱ्यांचा खल चालू राहिला, आणि शेवटचा शब्द कोणीच टाकला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. गोदीतलं घड्याळ त्याच वेळेवर बंद पडलं. अर्ध्या तासाच्या आत, चार चौतीसला, दुसरा स्फोट झाला, तो पहिल्याहून मोठा. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. आसपासची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायला आली. 'जलपद्मा' नावाचं एक जहाज लाटेनं उचलून धक्क्यावर नेऊन ठेवलं. जळत्या गाठी, तापलेलं लोखंड आणि पेटलेलं तेल मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदरावर पडलं आणि शहर पेटलं. आग आटोक्यात आणायला तीन दिवस लागले. पन्नास हजार टनांवर धान्य गेलं. आणि हे बंगालच्या दुष्काळात माणसं भुकेनं मेली त्याच्या दुसऱ्याच वर्षी. ऐंशी हजार माणसं बेघर झाली. बंबवाले जवान ६६ गेले.

आणि एकूण माणसं किती गेली? आठशे ते तेराशे. असंच छापतात, आठशे ते तेराशे. या दोन आकड्यांच्या मध्ये पाचशे माणसं आहेत. मी आयुष्यभर कापसाच्या नोंदी केल्या. पाच किलोचा फरक आला तर रात्री जिनवर थांबावं लागे. त्यामुळं मला हा आकडा फार खुपतो. जहाजावरच्या सोन्याच्या पेट्या एकतीस होत्या, तीस ते पस्तीस नव्हत्या.

धाकले आबाजी त्या वेळी धक्क्यावर नव्हते, म्हणून वाचले. ते गोदीच्या भिंतीबाहेर एका वखारीत होते.

"मले आवाज आयकूच नाही आला," ते सांगत. "आंदी वारा आला. सारी हवा कोनंतरी वढून घेतली असं झालं. मी भितीच्या आडोशाले बसलो होतो बिडी प्याले. मंग पायलं तं भितच नव्हती."

डावा कान तेव्हाच गेला. पुढं जन्मभर माणूस उजवीकडं बसवून मगच बोलायचं, अशी त्यांची पद्धत.

"मंग कापूस पडाले लागला. आपल्याकडं चैतात सावरीचा कापूस उडते ना, तसा. पन जयता. वरतून हयूहयू येये. ज्याच्यावर पडे तो झटके. मांगून लोखंड आलं. कापूस दिसला तं मानूस बाजूले होये, लोखंड दिसेच ना."

त्यांच्या खोलीतल्या चौदांपैकी त्या दिवशी सात जण त्याच भागात कामाला होते. त्यातले तीन त्यांना पुन्हा दिसले नाहीत. मेले असं ते कधी म्हणाले नाहीत, दिसले नाहीत असंच म्हणायचे. रात्री ते आणि दुसरा एक जण कोणाच्या तरी लेकराला मध्ये धरून उघड्यावर पडून राहिले. सकाळी त्या लेकराची माय सापडली. तिनं लेकरू घेतलं आणि यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. मला वाटतं तिला दिसतच नसावं. पण मी ते बोललो नाही.

मग परत का नाही आले? हा प्रश्न आजी मरेपर्यंत विचारत होती. उत्तर सोपं होतं, आणि म्हणूनच तिला पटत नव्हतं. काम लागलं. गोदी साफ करायला आठ हजार माणसं लावली होती आणि ते काम सात महिने चाललं. आदल्या महिन्याची मजुरी मुकादमाकडं अडकली होती, मुकादम सापडत नव्हता, गाडीभाड्याला पैसे नव्हते. आणि इथं रोजच्या रोज पैसे मिळत होते. कार्ड लिहून देणारा एक जण पोस्टाजवळ बसायचा, तो त्या शुक्रवारनंतर दिसला नाही. स्वतः लिहिता येत नव्हतं. "आज टाकू, उद्या टाकू" करता करता दिवाळी आली. एवढंच. जे घडतं ते पुष्कळदा असंच असतं, पण तेराव्याला बारा पायल्या ज्वारी खर्च केलेल्या बाईला ते कसं पटावं?

ते जळकं धान्य घमेल्यांनी उपसत होते. "पयल्या दिशी लाह्या भाजल्यावानी वास. आठ दिसानं नाक धरून काम करा लागे." आम्ही पोरं सोन्याचं विचारायचो. सोन्याच्या लगडी सुमारे अठ्ठावीस रत्तलांच्या, त्या स्फोटानं उडून कुठं कुठं पडल्या. एक तर मैलभर लांब राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली. त्यांनी ती परत केली आणि ९९९ रुपये बक्षीस मिळालं. गोदीचा गाळ काढताना पुढं कित्येक वर्षं लगडी निघत राहिल्या. "तुम्हाला नाही का सापडली, आबाजी?" असं विचारलं की म्हणायचे, "सापडली असती तं तुह्या आजीच्या ज्वारीचे पैसे नसते का देल्ले?"

आता माझ्या आजोबांची बाजू. सिमल्याच्या यंत्राला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी अकोल्याला काहीच कळलं नाही. लढाईमुळं बातमी छापायला बंदी होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओनं दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून टाकलं, पण आमच्या पेठेत रेडिओ कोणाकडं होता? आपल्या वर्तमानपत्रांना मोकळीक मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी अकोल्याला बातमी आली ती गाडीनं. मुंबईहून उतरणारी माणसं सांगत, जपान्यानं बाँब टाकला, मुंबई राहिली नाही. एक जण तर म्हणाला की बोरीबंदरच नाही. मग गाडी निघाली कुठून, हे त्याला कोणी विचारलं नाही.

आजोबा मे महिन्यात मुंबईला गेले. पावणेसहाशे किलोमीटर, जन्मात पहिल्यांदा. तिथं नऊ दिवस हिंडले. जे. जे. रुग्णालयाच्या खाटा पाहिल्या, जखमींना ठेवलेल्या दुसऱ्या जागा पाहिल्या, मग जिथं खाटा नव्हत्या त्याही जागा पाहिल्या. नुकसानभरपाईची चौकशी करायला एका खिडकीपाशी उभे राहिले. तिथल्या माणसानं विचारलं, तुमचा भाऊ कुठं कामाला होता, त्याचा काही कागद? कागद नव्हता. मुकादमाची वही? त्यात नाव नव्हतं. त्या माणसानं वाईट वागवलं नाही, असं आजोबा सांगत. त्यानं पाणी दिलं. म्हणाला, "इथं लिहायचं कुठं, तेच नाही बाबा."

त्या नऊ दिवसांत दोघे भाऊ एकमेकांपासून फार तर मैलभर अंतरावर होते. धाकले आबाजी रोज सकाळी घमेलं घेऊन गोदीच्या फाटकातून आत जात होते. आजोबा त्यांना दवाखान्यांत शोधत होते. कामावर शोधावं, हे काही त्यांना सुचलं नाही. आग लागल्यावर माणूस एक तर मरतो नाही तर पळतो, तिथंच मजुरीला लागत नाही, असं त्यांना वाटलं असावं. परत आल्यावर दर्भाचा पुतळा करून त्याला मोर्णेच्या काठी अग्नी दिला, आणि सुतक पाळलं.

मेलेला माणूस परत आला तर काय करायचं, यावर पेठेत बरीच चर्चा झाली म्हणतात. शेवटी राजराजेश्वराच्या देवळात नेऊन न्हाऊ घातलं आणि नव्यानं नाव ठेवलं. पहिलंच नाव ठेवलं. नवं सुचलं नाही कोणाला.

पुढं ते पुन्हा जिनवरच कामाला लागले, दुसरं काही येतच नव्हतं. फक्त प्रेसच्या हॉलमध्ये ते कधी गेले नाहीत. बाहेर कापसाच्या गंजीवर, गाड्या रिकाम्या करायला, काट्यावर, कुठंही. गाठीच्या कोठारात नाही. आणि वाटेत कुठं गाठींची थप्पी दिसली की जाता जाता त्यांचा तळवा गाठीवर टेकायचा. लग्नाच्या वरातीत चाललेला हा माणूस अडत्याच्या ओट्यावरच्या गाठीला हात लावून आलेला मी पाहिला आहे. आम्हाला ते चक्रमपणाचं वाटे.

ते का, हे मला कापूस एकाधिकार खरेदीच्या दिवसांत कळलं. राज्यात ती योजना १९७२ ला सुरू झाली. मी नंतर काही वर्षांनी ग्रेडरच्या हाताखाली नोंदीच्या कामाला लागलो. किती गाड्या आल्या, कोणत्या प्रतीचा कापूस, किती रुई, किती सरकी, किती गाठी. माझ्या हाताखालून लाखो क्विंटल गेले असतील, कागदावर. ही गोष्ट अकोल्याच्या शिवेवरच्या एका जिनची. कोणतं ते सांगत नाही. मालक वारले, मुलं आहेत, आणि नावानं काही फरक पडत नाही.

एप्रिल महिना, दुपारचे तीन, ऊन असं की पत्र्याकडं पाहवत नव्हतं. हंगाम लांबला होता, अंगणात गंज्या उभ्या होत्या. कापसाबरोबर एखादी गारगोटी किंवा खिळा सरकी काढायच्या रेच्यात गेला की ठिणगी उडते. बहुतेक वेळा ती तिथंच मरते. कधी मरत नाही, रुईबरोबर पुढं जाते. त्या दिवशी आधी वास आला, जुनं लुगडं जळल्यासारखा. मग एका हमालानं नुसतं "लागली" म्हटलं आणि सगळं जिन बाहेर पळालं.

कापसाच्या गंजीवर आग आधी जळत नाही, पळते. वरच्या तंतूंवरून एका दमात या टोकाहून त्या टोकाला जाते, निळसर, आवाज न करता, आणि वाटतं विझली. मग ती आत शिरते. पळताना मी छातीशी रजिस्टर धरलं होतं, आणि ते धरलं म्हणून पुढं मला शाबासकी मिळाली. वारा पश्चिमेचा होता. पूर्वेच्या भिंतीपलीकडं तुराट्या-पऱ्हाट्यांच्या झोपड्यांची वस्ती होती. तिथल्या बाया आमच्याच जिनवर रुई ओढायला आणि कचरा वेचायला यायच्या. जळता कापूस भिंतीवरून उडाला आणि त्या वस्तीवर पडला. मी ते पाहिलं. सावरीसारखाच उडत होता.

बंब आले, तोवर वस्तीत उभं काही राहिलं नव्हतं. माणसं वाचली, कारण बहुतेक सगळी कामावर होती. एका म्हातारीची शेळी दावणीला जळाली. बंबांनी आधी गंज्या धरल्या, मग कोठारातल्या गाठींवर पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत ज्वाळा कुठं राहिल्या नाहीत. जवान नळ्या गुंडाळायला लागले.

तेवढ्यात फाटकातून धाकले आबाजी आले. साठी उलटून गेली होती, हातात काठी, जुन्या शहरापासून पायी. "आभाय लाल दिसलं म्हून आलो," म्हणाले. कोणाला काही न विचारता ते कोठारात शिरले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. थप्पीवरून हात फिरवत गेले, तळवा टेकायचा, थांबायचं, पुढं जायचं. मग काठीनं दाखवायला लागले. "हे. आन् हे. त्या कोपऱ्यातलं. गठाण फोडा."

मॅनेजर म्हणाला, "आबा, आग विझली आहे. पाणी मारलंय."

"पाणी बाहेर मारलं ना? आग आत हाये. बाहेरून कितीबी मारा, तिले काय ठावं पाणी हाये म्हून?"

मॅनेजरचीही अडचण होती. प्रेस झालेली, मार्का मारलेली गाठ फोडायची म्हणजे परवानगी लागते, नाही तर विम्याचा माणूस विचारणार. मी रजिस्टर घेऊन उभा होतो. दोघांनीही माझ्याकडं पाहिलं, जणू त्यात उत्तर असावं. बंबावरचा वयस्क जमादार मात्र पुढं आला, त्यानं आबाजींनी दाखवलेल्या गाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काढा बाहेर." दाखवलेल्या गाठी अंगणात लोळवून पट्ट्या तोडल्या. सात गाठी फोडल्या. पाचांत विस्तव होता. आत, हातभर खोल, वरून पांढरीशुभ्र रुई आणि मध्ये बशीएवढं लालभडक बीळ. वारा लागताच भपकन पेटायचं. दोन गाठी मात्र थंड निघाल्या, त्यांत काही नव्हतं. त्या दोन 'विनाकारण फोडल्या' असं मला लिहावं लागलं आणि मी लिहिलं.

त्या पाच गाठी रात्रभर आत राहिल्या असत्या तर कोठार गेलं असतं, हे सगळ्यांना दिसत होतं. धाकले आबाजी अंगणात उकिडवे बसून विझलेल्या रुईकडं पाहत होते. मी पाणी नेऊन दिलं. म्हणाले, "त्या दिशी तिथी नऊशे टन पाणी टाकलं म्हंते. एकबी गठाण फोडली नाही कोनं. येक हमाल इचारला असता तं सांगतला असता." हे न्याय्य नाही. भर जहाजात, दारूगोळ्याशेजारी गाठी फोडणं कोणाला जमलं असतं? पण ते जे म्हणाले ते असं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. किती क्विंटल कापूस, किती रुई, किती गाठी पूर्ण जळाल्या, किती अंशतः, पत्रे किती. मी सांगत होतो, पंच लिहीत होते. जिनचा विमा होता, सगळं नीट मोजलं गेलं. दुपारी वस्तीतली एक बाई आली. रोज तिची हजेरी मीच लावायचो. म्हणाली, "साहेब, आमचंबी लिवा ना त्याच्यात." मी म्हणालो, "बाई, याच्यात त्याचा रकाना नाही."

मी रागानं म्हणालो नाही. खरंच नव्हता.

धाकले आबाजी माझ्या उजव्या हाताला बसले होते, म्हणजे त्यांचा बहिरा कान माझ्याकडं होता. तरी त्यांनी ऐकलं. बाई गेल्यावर म्हणाले, "तुह्या आजोबालेबी असंच म्हटलं होतं. पाणी देल्लं आन् म्हटलं." मुंबईच्या त्या खिडकीची गोष्ट मी घरात पुष्कळदा ऐकली होती, आणि दर वेळी त्या खिडकीपलीकडच्या माणसाचा मला राग यायचा. आता त्या जागी मी होतो, आणि वाईट मीही वागलो नव्हतो.

त्या रात्री मी रजिस्टरच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वस्तीतली तेवीस घरं लिहिली. घरवाल्याचं नाव, माणसं किती, काय जळालं. भांडी, गोधड्या, रेशनकार्ड, शेळी. त्यावर कोणाचीही सही नव्हती. वरिष्ठांनी ते पान पाहिलं, काही बोलले नाहीत, फाडलंही नाही. त्याचा काही उपयोग झाला असं मी सांगू शकत नाही. पेठेतल्या लोकांनी ज्वारी आणि जुने पत्रे दिले, पावसाच्या आत झोपड्या पुन्हा उभ्या राहिल्या, तुराट्यांच्याच. ते रजिस्टर पुढं बाकीच्यांबरोबर रद्दीत गेलं असणार.

नंतर माझी बदली अमरावतीला झाली. तिथल्या एका जुन्या अडत्यानं मला सांगितलं की लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत, अमरावतीच्या नावावरून. अमेरिकेतल्या यादवीमुळं तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसाकडं वळल्या, आणि अमरावती, अकोला, खामगाव ही नावं त्यांच्या भावपत्रकात गेली. मला ते ऐकून अभिमान वाटला, आणि मग थोडा राग आला. कापसाचं नाव सातासमुद्रापार लिहिलेलं, आणि तो उचलणाऱ्याचं मुकादमाच्या वहीतही नाही. खरं सांगायचं तर 'फोर्ट स्टिकीन'वरचा कापूस आपला नव्हता, तो कराचीला चढवलेला होता. धाकले आबाजींना मी हे एकदा सांगितलं, तर म्हणाले, "जयल्यावर कोनाचा काय ठावं पडते?"

१४ एप्रिलला देशभर बंबवाले आपल्या त्या ६६ जवानांना मानवंदना देतात आणि अग्निशमन सप्ताह सुरू होतो. आपल्याकडं त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, रस्ते निळे झालेले असतात, त्यामुळं हे फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. अमरावतीत निवृत्त होण्याच्या वर्षी मी सकाळी मुद्दाम अग्निशमन केंद्रात गेलो. बंब धुऊन हार घातलेले होते, जवान ओळीनं उभे. त्यातलेच काही नंतर इर्विन चौकातल्या जयंतीच्या गर्दीसाठी बंब घेऊन जाणार होते. कार्यक्रम झाल्यावर मी एका तरुण जवानाला सांगितलं की माझे चुलत आजोबा त्या आगीत होते. त्यानं आदरानं हात जोडले.

"फायरमन होते का, काका?"

"नाही. हमाल होते."

"मग यादीत नसतील," तो म्हणाला. अगदी चांगल्या मनानं म्हणाला.

धाकले आबाजी तोवर गेले होते, घरीच, झोपेत. या वेळी तेरावं करताना आजी नव्हती, नाहीतर ज्वारीचा हिशेब निघालाच असता. त्यांच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या आणि पुन्हा न दिसलेल्या तिघांची नावं ते सांगायचे. दोघांची गावंही सांगायचे, एक मूर्तिजापूरकडचा, एक दर्यापूरचा. मी, नोंदी करण्यात जन्म घालवलेला माणूस, ती वेळेवर लिहून घेतली नाहीत. आता एकच नाव अर्धवट आठवतं, ते चुकीचं असेल म्हणून इथं देत नाही.

वऱ्हाडातून त्या वर्षांत मुंबईच्या गोदीवर, दाणाबंदरात, वखारींत हमालीला गेलेला माणूस तुमच्या घरात असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. नाव, गाव, कोणत्या मुकादमाबरोबर गेला, परत आला की नाही. एवढं एका कागदावर लिहून ठेवा. रकाने तुम्हीच आखा.